जुना रेडिओग्राम: शोधण्यापासून तबकडी वाजेपर्यंत

रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि स्पीकर एकाच लाकडी कपाटात बसवलेला रेडिओग्राम विकणाऱ्याच्या लेखी बहुतेक वेळा जुनं फर्निचर असतो. घेणाऱ्यांपैकी कोणी त्याच्या पॉलिशवर भाळतो, कोणी नुसत्या यंत्रावर. दोघांचीही पुढे अडचण होते, कारण या वस्तूत काही भाग असे आहेत की ते गेले म्हणजे गेलेच, आणि काही असे की ते कितीही धड दिसले तरी काढून टाकावे लागतात. घेताना जे पुन्हा मिळणार नाही ते पारखून घ्यायचं, आणि दुरुस्तीत जे झिजण्यासाठीच बनलं आहे ते बिनदिक्कत बदलायचं. पुढचा सगळा लेख या हिशेबाने लिहिला आहे.

कोणत्या काळातला घ्यावा

काळ ओळखायची सोपी खूण म्हणजे वेग बदलायची कळ. फक्त मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग असेल तर यंत्र बहुधा १९४० च्या दशकातलं किंवा त्याआधीचं. कोलंबियाने ३३ १/३ फेऱ्यांची एलपी १९४८ मध्ये आणली आणि आरसीए व्हिक्टरने ४५ ची छोटी तबकडी १९४९ मध्ये, त्यामुळे तीन वेग दिसले तर यंत्र त्यानंतरचं. १६ चा चौथा वेग असेल तर १९५० च्या दशकाचा मध्य किंवा पुढचा काळ समजावा. स्टिरिओ तबकड्या १९५८ पासून बाजारात रुळल्या. त्याआधीच्या यंत्रावर तीन-चार स्पीकर दिसले तरी आवाज मोनोच असतो.

पहिल्यांदाच हात घालत असाल तर १९५५ ते १९६५ च्या दरम्यानचा, मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेला व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) संच शोधा, असं माझं स्पष्ट मत आहे. ईएल८४, ईसीसी८३ यांसारखे त्यातले व्हॉल्व्ह आजही नवे बनतात. चासीत, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यात, हात घालायला जागा असते. सर्किटही सरळ असतं. १९३० च्या दशकातली यंत्रं देखणी असतात, पण त्यांच्या स्पीकरला कायम चुंबक नसून विजेवर चालणारी फील्ड कॉइल असते, आणि तीच कॉइल पॉवर सप्लायमध्ये चोकचं, म्हणजे विजेतली गुणगुण गाळण्याचं, काम करते. ती जळलेली असेल तर नुसता दुसरा स्पीकर लावून भागत नाही, चोकची वेगळी सोय करावी लागते. हे काम दुसऱ्या-तिसऱ्या संचासाठी राखून ठेवा.

यंत्र परदेशातून आलेलं असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. पहिली, रेडिओची पट्टी. पूर्व युरोपातल्या जुन्या संचांचा एफएम पट्टा साधारण ६६ ते ७४ मेगाहर्ट्झ असतो, जपानी संचांचा ७६ पासून ९० पर्यंत, आणि पश्चिम युरोपातल्या जुन्या संचांचा बऱ्याचदा १०० मेगाहर्ट्झलाच संपतो. आजची बरीच केंद्रं ८७.५ ते १०८ मध्ये असल्याने यातला किती भाग तुमच्या कामाचा हे घेण्याआधीच कळायला हवं.

दुसरी गोष्ट विजेची, आणि तिच्यात व्होल्टेजपेक्षा फ्रीक्वेन्सी जास्त त्रास देते. ११० चे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरने होतात, ६० हर्ट्झचे ५० होत नाहीत. तबकडी फिरवणारी मोटर फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात फिरते. ६० हर्ट्झसाठी बनलेली मोटर ५० वर चालवली की ३३ १/३ च्या जागी जेमतेम २८ फेऱ्या होतात आणि षड्ज लावलेला गायक मंद्र धैवतावर उतरतो. यावर उपाय आहे: मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली ५० हर्ट्झच्या मापाची बसवणे. ती त्या चेंजरसाठी (तबकड्या आपोआप बदलणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरसाठी) मिळेल की नाही, ते आधी शोधा.

पाहायला जाताना

बरोबर टॉर्च, एक-दोन स्क्रू ड्रायव्हर आणि साधा मल्टिमीटर न्या. जाण्याआधी विकणाऱ्याला निक्षून सांगा की यंत्र चालतं का बघायला प्लग लावू नका. "लावून बघितलं, जरा दिवा लागला आणि मग धूर आला" हे वाक्य या छंदात फार ऐकू येतं, आणि त्या धुरात बहुतेक वेळा न मिळणारा ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो.

मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून आधी वास घ्या. जळकट वास येत असेल किंवा ट्रान्सफॉर्मरखाली डांबरासारखा काळा ओघळ दिसत असेल तर तो तापून गेलेला आहे. मग यंत्र प्लगपासून सुटलेलं असताना मीटर लावा. मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याला साधारण काही दशक ओहम, हाय टेन्शन वेटोळ्याला शंभरापासून काही शे ओहम, आणि स्पीकरला आवाज देणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या बाजूला काही शे ओहम दिसायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेता येतो, पण ते खर्चाचं काम आहे, तेव्हा किमतीची बोलणी त्यावर करा.

व्हॉल्व्हच्या काचेत आतून एक चकचकीत रुपेरी किंवा काळपट डाग असतो. तो तसाच असेल तर निदान निर्वात पोकळी शाबूत आहे. डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आणि तो व्हॉल्व्ह मेला.

चेंजर पाहताना सगळं जागेवर आहे का ते मोजून घ्या: मधला उंच दांडा, तबकड्यांचा थर दाबून धरणारा आडवा हात, ४५ च्या तबकडीचा मोठा मधला खुंट. उंच दांडा हमखास हरवलेला असतो. प्लॅटर (तबकडी ठेवायची फिरती थाळी) हाताने फिरवून पाहा. जड फिरत असेल तर घाबरू नका, ते वाळलेलं ग्रीस आहे. सुईचा आर्म मात्र वाकलेला किंवा मुळातून तुटलेला नको. डायलची काच शाबूत आहे ना, हे ट्रान्सफॉर्मरइतकंच महत्त्वाचं. केंद्रांची नावं छापलेली ती काच फुटली की तशीच दुसरी फक्त त्याच मॉडेलच्या दुसऱ्या संचातून मिळते.

कपाटाचे पाय आणि खालच्या कडा बोटांनी दाबा. प्लायवूड फुगून पापुद्रे सुटले असतील तर यंत्र ओलीत उभं होतं, आणि मग चासीचा गंजही तपासायला हवा. किड्यांची बारीक छिद्रं दिसली तर त्यांच्याखाली ताजी पिवळट भुकटी आहे का पाहा. भुकटी असेल तर कीड अजून जिवंत आहे, आणि तिचा बंदोबस्त होईपर्यंत ते कपाट इतर लाकडी सामानाजवळ आणू नये. व्हिनिअरवरचे (वरच्या पातळ लाकडी थरावरचे) ओरखडे, पांढरे डाग, सुटलेली कड, फाटलेलं जाळीचं कापड, हरवलेला एखादा नॉब, ही सगळी बरी होणारी दुखणी आहेत.

नेताना प्लॅटर काढून वेगळं गुंडाळा, आर्म जागेवर बांधा, आणि चेंजर ज्या स्प्रिंगांवर तरंगतो त्यांचे वाहतुकीचे स्क्रू आवळून घ्या. कपाट उभंच न्या, आडवं नाही.

चासी बाहेर काढण्याआधी

या संचांत २५० ते ३०० व्होल्ट डीसी खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवू शकतात. आत हात घालण्याआधी दर वेळी काही हजार ओहमचा, जाड वॅटेजचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरीने मुख्य कंडेन्सरवर लावून तो रिकामा करा आणि मीटरने शून्य आलं का ते पाहा. चालू संचात मोजताना मीटरचं काळं टोक चिमट्याने चासीला लावून ठेवा, दुसरं टोक एका हाताने वापरा, मोकळा हात खिशात.

याहून मोठा धोका ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, एसी आणि डीसी दोन्हींवर चालणाऱ्या संचांचा. त्यांच्यात विजेची एक तार थेट चासीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळी धातूची चौकट जिवंत. मोठा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसणं, त्याऐवजी विजेच्या वाटेवर एखादा मोठा, तापणारा रेझिस्टर असणं, आणि यूएल८४, यूसीएच८१ असे 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असणं, या त्याच्या खुणा. असा संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय टेबलावर चालवू नका. व्हेरिअॅक व्होल्टेज कमी-जास्त करतो, पण तुम्हाला मेन्सपासून अलग करत नाही.

काही संचांत तापणाऱ्या व्हॉल्व्हच्या किंवा रेझिस्टरच्या वर करड्या पुठ्ठ्यासारखा थर चिकटवलेला असतो. तो अॅस्बेस्टॉस असू शकतो. तो खरवडू नका, ब्रश मारू नका, हवेने उडवू नका. मेन्सच्या कामाचा अनुभव नसेल तर कपाट आणि चेंजर स्वतः करा आणि चासी जाणत्याकडे द्या. तरीही पुढचे दोन भाग वाचा, म्हणजे त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे कळेल.

काम सुरू करण्याआधी सर्किटचा कागद मिळवा. मागच्या झाकणावरच्या मॉडेल क्रमांकावरून बहुतेक संचांची जुनी सर्व्हिस शीट सापडतात. मग फोटो काढा: वायरींचे रंग, डायलच्या दोरीचा मार्ग, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटात. पुरे वाटले की अजून थोडे काढा.

कंडेन्सर: न विचारता बदलायचे ते

चासी उलटी केली की खाली मेण किंवा डांबर फासलेल्या नळ्या दिसतात. ते कागदी कंडेन्सर. त्यांचा कागद दशकानुदशकं हवेतली ओल शोषत आलेला असतो, आणि जो भाग डीसी अडवण्यासाठी बसवला होता तोच आता थोडी थोडी डीसी पुढे सोडत असतो. साध्या मीटरवर मोजला तर त्याचा मायक्रोफॅरडचा आकडा बरोबरही दिसेल, कारण गळती दिसते ती २०० व्होल्ट पडल्यावर.

यातला सर्वात घातक कंडेन्सर असतो आउटपुट व्हॉल्व्हच्या आधी. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून (आवाज बाहेर देणाऱ्या टोकावरून) येणारा आवाज तो ईएल८४ च्या ग्रिडला (आवाज आत घेणाऱ्या टोकाला) देतो आणि प्लेटवरचं मोठं व्होल्टेज अडवतो. तो गळू लागला की ग्रिड पॉझिटिव्ह होतं, व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो, आवाज फाटतो, आणि काही काळाने आउटपुट ट्रान्सफॉर्मर किंवा मेन्स ट्रान्सफॉर्मर जळतो. एका हातात मावणाऱ्या, स्वस्तातल्या भागापायी न मिळणारा भाग जातो. म्हणून हा कंडेन्सर पहिला बदला, मग बाकीचे कागदी. जागी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे, तितक्याच मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे बसवा. ०.०५ चा नसेल तर ०.०४७ खुशाल चालतो. एका वेळी एकच काढा आणि लगेच नवा लावा. सगळे एकदम काढले तर शेवटी दोन वायरी उरतात आणि त्या कुठल्या हे कोणालाच सांगता येत नाही.

मायका आणि सिरॅमिक कंडेन्सरांना उगीच हात लावू नका. ते बहुधा ठीक असतात, आणि रेडिओच्या भागात त्यांची जागा हलली तरी ट्यूनिंग सरकतं.

पॉवर सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे उभ्या ॲल्युमिनियमच्या डब्यातले, आतून सुकलेले असतात. ३२ च्या जागी ३३, ५० च्या जागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, असे नवे घ्या. "मोठा घातला की गुणगुण कमी" या मोहात पडू नका. ईझेड८० किंवा ईझेड८१ या रेक्टिफायर (एसीची डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हनंतरच्या पहिल्या कंडेन्सरची कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. त्यापुढे गेलात तर सुरू होतानाच्या करंटने व्हॉल्व्ह खराब होतो. जुना डबा वायर सोडवून जागेवरच राहू द्यावा आणि नवे खाली बसवावेत, म्हणजे वरून चासी मूळची दिसते. आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचा (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावरचा) २५ ते १०० मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिकही याच वेळी बदला.

मेन्सच्या वाटेवर असलेल्या कंडेन्सरांच्या जागी सुरक्षेचे खास प्रकारच लागतात: दोन मेन्स तारांमध्ये एक्स२, मेन्स आणि चासीमध्ये वाय२. साधा कंडेन्सर तिथे कितीही व्होल्टचा असला तरी नको.

रेझिस्टर एक टोक सोडवून मोजा. जुने कार्बनचे रेझिस्टर वर्षांगणिक वर सरकतात. लिहिलेल्या ओहमपेक्षा २०% हून जास्त गेलेले बदला, बाकीचे ठेवा. रेक्टिफायर सेलेनियमचा असेल, म्हणजे पत्र्यांच्या थरांचा चौकोनी गठ्ठा, तर तो काढून सिलिकॉन डायोड लावा आणि सोबत एक सीरीज रेझिस्टर घाला. सिलिकॉनवर व्होल्टेज कमी पडतं, त्यामुळे रेझिस्टर नसेल तर पुढे सगळीकडे जास्त व्होल्टेज जाईल. सेलेनियम जळाला तर कुजकट आणि विषारी वायू निघतो. तसा वास आला तर प्लग काढून खिडक्या उघडा.

शेवटी मेन्सची वायर. जुनं रबर बोटात चुरा होतं. ट्रान्सफॉर्मरच्या संचाला नवी तीन तारांची वायर, फ्यूज आणि चासीला अर्थिंग द्या. एसी-डीसी संचाच्या चासीला अर्थिंग कधीही जोडू नका.

पहिल्यांदा वीज

जुन्या पद्धतीचा ६० ते १०० वॅटचा तारेचा बल्ब संचाच्या वाटेत सीरीजमध्ये लावा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. स्पीकर जोडलेलाच हवा. स्पीकरविना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो.

स्विच दाबला की बल्ब क्षणभर उजळतो, मंदावतो, आणि व्हॉल्व्ह तापून रेक्टिफायर काम करू लागला की थोडासा पुन्हा वाढून स्थिरावतो. तो लख्ख पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा. सगळं ठीक वाटलं तर ईएल८४ च्या २ क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, व्होल्टेज मोजा. शून्याच्या आसपास हवं. नवा कंडेन्सर घालूनही ते पॉझिटिव्ह राहत असेल तर व्हॉल्व्हच बिघडला आहे. मग बल्ब काढून थेट मेन्सवर द्या आणि ३ क्रमांकाच्या पिनवर कॅथोडचं व्होल्टेज पाहा. एकच ईएल८४ असलेल्या संचात ते बहुधा ७ च्या आसपास असतं, नेमका आकडा सर्व्हिस शीटवर मिळेल. अर्धा तास जवळ बसून राहा. ट्रान्सफॉर्मर कोमट होणं साहजिक आहे, हात ठेववत नसेल तर नाही.

रेडिओ लागला आणि खरखरला तर आवाजाच्या नॉबमागच्या पॉटमध्ये आणि बँड स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा द्या आणि पंधरा-वीस वेळा फिरवा. आयएफ कॅनमधले (केंद्र निवडणाऱ्या कॉइलच्या धातूच्या डब्यांतले) छोटे लोहगाभे स्क्रू ड्रायव्हरने फिरवून पाहायचा मोह आवरा. सिग्नल जनरेटर नसेल तर ते सेटिंग परत आणता येत नाही. मीडियम वेव्हवर नुसताच गोंगाट असेल तर घरातले चार्जर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करा, बऱ्याच वेळा रेडिओचा काही दोष नसतो. मॅजिक आयचा, म्हणजे केंद्र नीट लागलं का ते दाखवणाऱ्या व्हॉल्व्हचा, हिरवा उजेड मात्र वापराने कायमचा मंदावतो आणि त्याला दुरुस्ती नाही. बाकी संच चांगला असेल तर तो तसाच राहू द्यावा.

चेंजर

मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडतो तो भाग हा. गॅरार्ड, बीएसआर, कोलारो, ड्युअल, प्रत्येकाची रचना वेगळी, पण दुखणं एकच: कारखान्यात घातलेलं ग्रीस आता लाखेसारखं घट्ट झालेलं असतं. आर्म अर्ध्यात थांबतो, प्लॅटर अडकतं, वेगाची कळ हलत नाही. लोक जोर लावतात आणि झिंकचे ओतीव भाग मोडतात. जोर लावायचाच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा, थांबा, गरज पडली तर हेअर ड्रायरने सांधा कोमट करा, हलक्या हाताने हलवा. मोकळं झालं की सुटं करून जुनं ग्रीस पूर्ण पुसा आणि घासणाऱ्या जागीच नवं, थोडं लावा. गंज सैल करणारे फवारे वंगण म्हणून चालत नाहीत. ते उडून जातात आणि मागे चिकटा ठेवतात.

एका जागी मात्र तेलाचा थेंबही नको. प्लॅटर काढलं की खाली एक मोठं दातेरी चाक दिसतं आणि त्यावर नखाएवढी, सैल डुलणारी पट्टी. तबकडी वाजताना आर्म आत सरकतो तसा तो या पट्टीला किंचित पुढे ढकलतो, आणि प्लॅटरच्या बुंध्यावरचा खुंट दर फेरीला तिला थोडी मागे सारतो. गाणं चालू आहे तोवर हा खेळ बरोबरीत राहतो. गाणं संपल्यावरच्या रुंद खाचेत आर्म एका फेरीत एकदम खूप आत येतो, पट्टी इतकी पुढे जाते की खुंट तिला मागे सारण्याऐवजी पकडतो, दातेरी चाक प्लॅटरच्या दात्यांत अडकतं आणि आर्म उचलला जातो. सुईच्या टोकाला जाणवणार नाही इतक्या कमी जोरावर हे घडायला हवं. तिथे तेल पडलं की धूळ धरते, पट्टी जड होते, आणि तबकडी संपूनही सुई शेवटच्या खाचेत फिरत राहते. अल्कोहोलने स्वच्छ पुसून कोरडी सोडा. तिच्यावर फुंकर मारली तरी ती हलली पाहिजे.

मोटर खोलून दोन्ही टोकांचे बेअरिंग पुसा आणि त्यांच्या नमद्याच्या चकत्या हलक्या मशीन ऑइलने भिजवा. बेअरिंगची धातू सच्छिद्र असते, तेल शोषून हळूहळू सोडते. परत बसवताना स्क्रू एकदम आवळू नका. दांडा बोटाने फिरवत, थोडे थोडे, आलटून पालटून आवळा, म्हणजे तो मोकळा फिरत राहील. मोटर ज्या रबरी बुशांवर टांगलेली असते ती दगडासारखी झाली असतील तर बदला. स्पीकरमधून येणारी खोल घरघर बहुतेक वेळा तिथून येते.

मोटरची पुली आणि प्लॅटरची आतली कड यांच्यामध्ये रबरी आयडलर चाक असतं. त्याची कड अल्कोहोलने पुसा, चकाकत असेल तर बारीक पॉलिश पेपरने किंचित खरबरीत करा. त्यावर सपाट खड्डा पडला असेल तर दर फेरीत धप् असा आवाज येतो आणि मग रबर नवं चढवून घेणं हाच उपाय.

वेग तपासायला स्ट्रोबची, म्हणजे रेषा छापलेली, कागदी चकती पुरते. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ १/३ साठी १८० रेषा, ६० वर २१६. मेन्सवरच्या निऑन दिव्याच्या उजेडात त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडीच्या उजेडात ही चकती बहुधा उपयोगाची नाही.

कार्ट्रिज आणि सुई

मूळ कार्ट्रिज, म्हणजे सुईची कंपनं विजेत बदलणारा भाग, क्रिस्टलचं असेल तर ते मेलं आहे असं धरूनच चला. त्यातला रोशेल सॉल्टचा स्फटिक ओल आणि उष्णता दोन्हींनी नासतो. सिरॅमिक टिकाऊ असतं आणि आवाजाच्या पातळीत क्रिस्टलच्या जवळपास असतं, म्हणून बदलायला तेच घ्या. मॅग्नेटिक कार्ट्रिज लावू नका: त्याचं आउटपुट काही मिलिव्होल्ट, त्याला आरआयएए प्रीॲम्प (आवाज वाढवून नीट करणारं वेगळं सर्किट) लागतो, आणि जुन्या जड आर्मवर ते नीट चालत नाही.

संच मोनो असला तरी स्टिरिओ सिरॅमिक बसवा आणि दोन्ही चॅनेल जोडून एक करा. जुनं मोनो कार्ट्रिज सुईला वर-खाली हलू देत नाही, त्यामुळे स्टिरिओ तबकडीची खाच त्याच्याखाली कोरली जाते. जोडताना कार्ट्रिजच्या पिनवर थेट डाग देऊ नका, उष्णतेने आतला भाग जातो. वायरीला छोटे क्लिप लावून ते पिनवर सरकवा.

सुई दोन मापांची असते. एलपी आणि ४५ साठी साधारण १८ मायक्रॉन, ७८ साठी साधारण ६५ ते ७५. उलटसुलट फिरणाऱ्या कार्ट्रिजवर दोन्ही असतात. कोणती खाली आहे हे पाहिल्याशिवाय आर्म ठेवू नका. ७८ ची जाड सुई एलपीवर एकदा चालली तरी तबकडीचं नुकसान होतं. हिऱ्याची सुई शेकडो तास टिकते, नीलमण्याची त्याहून बरीच कमी. वजन छोट्या काट्यावर मोजा: सिरॅमिकला ४ ते ६ ग्रॅम ठीक. दहाच्या वर गेलं असेल तर आर्मची स्प्रिंग जुळवा.

कपाट

कपाट शेवटी घ्या, कारण चासी आणि चेंजर बाहेर असतानाच ते नीट हाताळता येतं. आधी नुसती धूळ आणि मेणाचा जुना थर काढा: पांढरं टर्पेंटाइन मऊ फडक्यावर घेऊन. नव्याने पॉलिश करावंसं वाटणारी बरीच कपाटं एवढ्यानेच उजळतात, आणि मूळ पॉलिश शक्य तोवर राखावं या मताचा मी आहे.

पुढे जायचंच असेल तर पॉलिश कशाचं ते ओळखा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर लाखेचं. त्याने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल, आणि आरशासारखं चमकत असेल, तर पॉलिएस्टर, ज्याची दुरुस्ती घरी अवघड. सँडपेपरचं मशीन लावू नका. व्हिनिअर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं आणि क्षणात खालचं प्लायवूड उघडं पडतं.

सुटलेलं व्हिनिअर जुन्या सरसाने चिकटवलेलं असेल तर ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवली की सरस पुन्हा धरतो. नाही धरला तर पातळ पात्याने आत लाकडाचा पांढरा गोंद सोडा, वर बटर पेपर, त्यावर सपाट लाकूड, आणि रात्रभर क्लॅम्प.

डायलच्या काचेबाबत सर्वांत जास्त जपा. अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि जुनी शाई पाण्यानेसुद्धा सुटते. पुढची बाजू ओल्या फडक्याने पुसा. मागच्या बाजूवर फक्त मऊ कोरडा ब्रश, तोही अक्षरांना टाळून.

जोडताना आणि वापरताना

मागच्या बाजूला टेप किंवा ऑक्झिलरीचं सॉकेट असेल तर फोनचा आवाजही याच स्पीकरमधून ऐकता येतो. मोनो संचात डाव्या-उजव्या चॅनेलना काही हजार ओहमचा एकेक रेझिस्टर लावून मग एकत्र करा. एसी-डीसी संचाला बाहेरचं कोणतंही उपकरण जोडू नका.

चेंजर बसवल्यावर वाहतुकीचे स्क्रू सैल करायला विसरू नका, नाहीतर स्पीकरची कंपनं थेट सुईत जातात आणि मोठ्या आवाजात यंत्र घुमू लागतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. मागच्या झाकणाची भोकं व्हॉल्व्हची उष्णता जाण्यासाठी आहेत.

पहिली तबकडी गेली तरी चालेल अशी लावा, आणि ती संपल्यावर भिंगातून तिच्या खाचा आणि सुई दोन्ही पाहा. ७८ च्या जुन्या तबकड्या अल्कोहोलने पुसू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख त्यात विरघळते. काम झालं की वेगाची कळ बंद किंवा मधल्या स्थितीवर नेऊन ठेवा, म्हणजे आयडलर पुलीवर दाबलेलं राहून त्यावर खड्डा पडणार नाही. महिन्यातून एकदा तरी तासभर यंत्र चालवा, आणि बदललेल्या प्रत्येक भागाचा आकडा (ओहम, मायक्रोफॅरड) व तारीख सर्किटच्या कागदावर लिहून तो कपाटाच्या आत चिकटवून ठेवा.